मनोरा सात सेकंदांत पडला, पण उभा कसा होता?

मार्च 2023 मध्ये सुरतच्या उत्राण वीजकेंद्रातला 85 मीटर उंचीचा कूलिंग टॉवर 220 किलो स्फोटकं लावून पाडला. सात सेकंदांत जमीनदोस्त. तो व्हिडिओ माझ्याकडे आला तेव्हा सोबत ओळ होती, 'बरं झालं, एक धुराडं गेलं.' तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण ते धुराडं नव्हतंच.

धूर जातो तो उंच, बारीक चिमणीतून. कमरेत आवळलेल्या अजस्र मनोऱ्यातून जे पांढरं बाहेर पडतं ते पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे ढगच. टर्बाइनमधली वाफ थंड करताना जे पाणी तापतं, ते इथे आणून फवारतात. पुढचं तत्त्व आपल्या माठाचं: 1 लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं की सुमारे 57 लिटर पाणी 10 अंशांनी गार होतं. हवा ओढायला पंखासुद्धा लागत नाही. गरम हवा हलकी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दमट हवाही हलकी असते हे पटकन पटत नाही. पाण्याच्या रेणूचं वजन 18, कोरड्या हवेचं सरासरी 29. मनोऱ्यातली हवा गरमही आणि दमटही, त्यामुळे ती आपोआप वर चढते आणि खालून नवी आत येते.

आता माझा लाडका भाग, आकार. दोन बांगड्या घ्या, एकीवर एक धरा आणि वीसेक दोरे उभे ताणून बांधा. वरची बांगडी हळूहळू फिरवा, दोरे सैल पडू देऊ नका. दोरे सरळच राहतात, पण मधली कंबर आत जाते. हा हायपरबोलॉइड. सरळ रेषांतून घडणारा वक्र पृष्ठभाग! रशियात व्लादिमिर शुखोव्हने 1896 मध्ये सरळ लोखंडी दांड्यांचा जलमनोरा याच आकारात उभा केला. या आकाराचा काँक्रीटचा पहिला कूलिंग टॉवर नेदरलँड्समध्ये हेर्लेनजवळच्या एका कोळसा खाणीत 1918 मध्ये झाला.

कागदाची पट्टी एका टोकाला धरली तर लोंबते. तीच लांबीत पन्हाळीसारखी वाकवून धरा, ताठ राहते. एका दिशेचा बाक दुसऱ्या दिशेने वाकू देत नाही. मनोऱ्यात तर आडवा बाक एका बाजूला आणि उभा बाक त्याच्या उलट, घोड्याच्या खोगिरासारखा. गणितात याला ऋण गाऊसीय वक्रता म्हणतात. असं कवच नुसतं दुमडत नाही, त्याला ताणावं किंवा दाबावं लागतं. म्हणून ते कमालीचं पातळ चालतं. कोंबडीच्या अंड्याची रुंदी कवचाच्या जाडीच्या सुमारे 130 पट असते. 50 मीटर व्यासाची कंबर साडेबारा सेंटिमीटर काँक्रीटवर उभी असेल तर हे गुणोत्तर 400. अंड्याहून तिप्पट नाजूक, आणि आकार शंभर मीटर उंच!

या पातळपणाची परीक्षा 1 नोव्हेंबर 1965 रोजी इंग्लंडमध्ये फेरीब्रिजच्या वीजकेंद्रात झाली. आठ मनोऱ्यांपैकी तीन वादळात कोसळले, आणि तेही वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या मागच्या रांगेतले. आराखडा करताना मनोरा एकटा उभा आहे असं धरलं होतं. प्रत्यक्षात पुढच्या मनोऱ्यांच्या फटींतून वारा वेग घेऊन, हेलकावे देत मागच्यांवर आदळला. वाऱ्याचा दाबही मिनिटाच्या सरासरीने मोजलेला, झोताच्या वेगाने नव्हे. त्यानंतर हे मनोरे बांधायची रीतच बदलली.

पाडणारे आकाराची हीच ताकद उलटी वापरतात. पायांवर आणि कवचाच्या एका पट्ट्यावर स्फोटकं लावून घेर तोडला की गोलाई जाते, आणि गोलाई गेली की उरतो साधा कागद.

गिरणीचा मॉल होतो, पण मनोऱ्याला मजलेही नाहीत आणि छतही नाही, मग ठेवून करायचं काय, असं विचारतात. गंजणारी सळई आणि पातळ काँक्रीट सांभाळायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. तरी जर्मनीतल्या काल्कारला, कधीच सुरू न झालेल्या अणुवीज केंद्राच्या मनोऱ्यात आज पाळणा फिरतो आणि बाहेरच्या भिंतीवर लोक चढाई करतात. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोतल्या ऑरलँडो वीजकेंद्राचे दोन मनोरे रंगीत चित्रांनी मढवलेत, त्यांच्यामधल्या पुलावरून बंजी उडी मारतात.

इथे एक गैरसमज आड येतो. किरणोत्साराची बातमी आली की सोबत हटकून कूलिंग टॉवरचं चित्र असतं. आपल्या तारापूरला असा एकही मनोरा नाही, तिथे समुद्राचं पाणी पुरतं. हा आकार पाण्याच्या टंचाईचा आहे, अणूचा नव्हे. उगाच त्याला भुतासारखं घाबरू नये.

चंद्रपूरला, कोराडीला जाणाऱ्यांच्या ओळखीचे हे मनोरे. जुने संच आज ना उद्या निवृत्त होतील. तेव्हा निदान एक मनोरा राखावा, असं मला फार वाटतं. देखभालीसाठी बंद ठेवलेल्या एका मनोऱ्यात मी एकदा आत उभा राहिलो होतो. टाळी वाजवली तर ती भिंतीभिंतीने फिरत वर गेली, आणि डोक्यावर आकाश ताटाएवढं गोल दिसत होतं.