दोन त्रिकोण, एक गोल आणि आजीचं उत्तर

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती, आठवीत आहे, अ‍ॅनिमेशनचं वेड लागलंय, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न काय तर मामा कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. मी म्हटलं सॉफ्टवेअर राहू दे, आधी कात्री आण. मग बसून जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापले, एक मोठा एक छोटा, एक गोल कापला, आणि एक चौकोनी घर केलं ज्याचं दार उघडतं-मिटतं. मोबाइल दोन डब्यांवर आडवा ठेवला, कॅमेरा खाली बघेल असा, आणि सुरू. तुकडा थोडासा सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा, सेकंदाला बारा फोटो.

ही कल्पना माझी नाही. 1944 साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी अशीच फिल्म केली होती, तेच दोन त्रिकोण, तोच एक गोल, आणि एक घर. चेहरा नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. ती त्यांनी कॉलेजच्या मुलींना दाखवली आणि पहिल्या गटातल्या 34 जणींना एवढंच सांगितलं की चित्रात काय झालं ते लिहा. यातल्या फक्त एकीने त्रिकोण इकडून तिकडे गेला अशी भूमितीची भाषा वापरली. बाकीच्यांनी सरळ गोष्ट लिहिली, मोठा त्रिकोण दांडगट आहे, गोल घाबरलाय, छोटा त्याला वाचवायला आलाय वगैरे.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण अ‍ॅनिमेशन शिकणारे बहुतेक जण आधी चेहरे सुंदर काढायला शिकतात, आणि इथे तर चेहराच नाहीये तरी लोकांना राग दिसतोय भीती दिसतेय. मग ती कुठून आली? हालचालीतून. कुणी न ढकलता एखादी वस्तू आपली आपण निघाली, मध्येच वेग बदलला आणि त्याच क्षणी दिशाही बदलली, की आपला मेंदू तिला जिवंत धरतो. याच्यावर नंतर बरेच प्रयोग झालेत आणि एका साध्या ठिपक्यालाही हे लागू पडतं. त्यात एक ठिपका दुसऱ्याच्या मागे मागे गेला तर पाठलाग दिसतो, म्हणजे इच्छा आली, आणि इच्छा आली की गोष्ट आलीच.

दादासाहेब फाळक्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण 1912 मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक फ्रेम, म्हणजे एकच फोटो, घेत महिनाभराहून जास्त काळ त्याचं शूटिंग केलं. ती छोटीशी फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. एरवी जागचं न हलणारं रोप पडद्यावर आपलं आपण उठून वर चढताना दिसतं. पैसे देणाऱ्यांना विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी दाखवलं काय, तर एक रोप. मला हे आठवलं की अजून भारी वाटतं.

तर आमची फिल्म झाली, सगळी मिळून वीस सेकंदांची. भाचीच्या मनातली गोष्ट अशी होती की मोठा छोट्याला ढकलून घराबाहेर काढतो आणि कोपऱ्यातून गोल येऊन त्याला घेऊन जातो. मी म्हटलं आता आजीला दाखव, पण काही सांगू नकोस, फक्त विचार काय झालं. आईने चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "छोटा रुसून निघून गेला गं, मोठा बिचारा समजूत काढायला आला होता." भाचीचा चेहरा पडला. "आणि गोल?" तर आई म्हणाली, "गोल कुठे होता?"

भाचीला वाटलं आजीला कळलं नाही. पण आजीने अगदी बरोबर पाहिलं होतं, जे पडद्यावर होतं तेच.

आधी रुसण्याचं बघू. बेल्जियममध्ये अल्बर्ट मिशॉट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी धक्क्याची जाणीव कशी होते हे बारकाईने तपासलं आणि 1946 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. एक चौकोन सरकत येतो, दुसऱ्याला टेकून थांबतो, आणि दुसरा निघतो. दुसरा लगेच निघाला तर आपल्याला धक्का दिसतो, म्हणजे विचार करून कळतो असं नाही, रंग दिसावा तसा दिसतोच. पण मध्ये साधारण 0.15 ते 0.2 सेकंदाचं अंतर पडलं की धक्का गायब, दुसरा आपल्या मनाने निघाला असं वाटतं. आता हिशोब करा, आमच्याकडे सेकंदाला बारा फोटो, म्हणजे एक फोटो 0.08 सेकंदाचा. मोठा येऊन टेकल्यावरही छोटा त्रिकोण तीन फोटो तसाच उभा होता, म्हणजे पाव सेकंद. तेवढ्यात ढकललेला छोटा रुसलेला छोटा झाला! सिनेमाच्या 24 फ्रेममध्ये मोजलं तर हा सहा फ्रेमचा उशीर, आणि प्रोफेशनल अ‍ॅनिमेटर एकेका फ्रेमवर तासन्‌तास का घालवतात ते इथे कळतं.

आता गोल. हात सरळ समोर ताणा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा, डोळ्याला एका वेळी एकदम स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, दोनेक अंशांचं. बाकीचं सगळं धूसर असतं पण जाणवत नाही कारण डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून नवीन जागी जातात आणि मेंदू ते जोडून घेतो. ज्या वेळी गोल कोपऱ्यातून आला त्या वेळी आईची नजर दारातल्या भांडणावर होती, आणि नवीन जागी उडी मारायची तयारी करायलाच डोळ्याला 0.2 सेकंद लागतात. गोल तेवढ्यात येऊन घरामागे गेला पण. म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मची गोष्ट आधी कच्च्या चित्रांच्या चौकटीत मांडतात ती, काढताना प्रत्येक चौकटीत आधी हे ठरवायचं की बघणाऱ्याची नजर आत्ता कुठे आहे, आणि पुढची महत्त्वाची गोष्ट तिथेच आणायची किंवा नजरेला तिकडे न्यायचं. कट मारतानाही हेच, आधीच्या शॉटमध्ये नजर डावीकडे असेल आणि पुढच्या शॉटमधला चेहरा उजव्या टोकाला असेल तर बघणारा काही क्षण नुसता शोधत बसतो. कधी कधी असं मुद्दाम करतात, प्रेक्षकाला भांबावून टाकायचं असेल तेव्हा, पण मुद्दाम करणं वेगळं आणि होऊन जाणं वेगळं.

आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे चित्रकथी गोष्ट सांगताना एकेक चित्र समोर धरतात, आणि समोरच्यांचे चेहरे त्यांना तिथल्या तिथे दिसत असतात. फिल्म करणाऱ्याला ती सोय नाही, म्हणून त्याने कच्ची फिल्म आधीच कुणाला तरी दाखवावी. मोठ्या स्टुडिओतही स्टोरीबोर्डची चित्रं नुसती ओळीने लावून, कच्चा आवाज टाकून अ‍ॅनिमॅटिक करतात आणि आपल्याच लोकांना दाखवतात, कारण एकदा पूर्ण अ‍ॅनिमेशन झालं की बदल फार महाग पडतो. आणि विचारायचं काय, तर हायडर-सिमेल यांनी विचारलं तेवढंच. आवडलं का असं विचारलं की लोक चांगुलपणाने हो म्हणतात, काय झालं असं विचारलं की खरं कळतं.

दुसऱ्या दिवशी भाचीने ते तीन फोटो काढून टाकले. गोल यायच्या आधी छोट्या त्रिकोणाचं टोक हळूच त्या कोपऱ्याकडे वळवलं, आणि तेवढ्या वेळात मोठ्याला अजिबात हलू दिलं नाही. परत आजीला बसवलं. "अगं ढकललं की त्याला," आई एकदम म्हणाली, आणि मग, "आला बाई कुणीतरी न्यायला."

भाची खूश. रात्री मी मोबाइलमध्ये पाहिलं तर तिने जुनी फिल्म डिलीट केली नव्हती, वेगळ्या नावाने ठेवली होती, 'रुसलेला'.