नाशिकच्या वाईनबागा: हंगाम, परवाने आणि २०२२ चा निर्णय

खाण्याच्या द्राक्षांचं नाशिक जुनंच. वाईनसाठी लागवड मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस जोर धरू लागली. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळत्या वाईनचा प्रयोग झाला होता. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क आले. २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखायची खोली, उघडली आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या तिकडे वळू लागल्या. २००८ च्या मंदीत खप आटला, तेव्हा करारावर लावलेल्या बागा कित्येकांनी उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणाची कलमं बांधली.

बाग बघायला जाणाऱ्याचा घोळ होतो तो हंगामाचा. युरोपात थंडीत वेल झोपतो, इथे झोपत नाही. म्हणून वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे फळ देणारी फांदी, तयार करण्यासाठी: उन्हात पुढच्या दोनेक महिन्यांत तिच्या डोळ्यांत (कळ्यांत) सूक्ष्म घड धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. त्या सुमारास पाऊस लांबला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि कोवळे घड कुजतात. ऑगस्टमध्ये गेलात तर हिरवीगार बाग दिसेल, घड एकही नाही. काढणी जानेवारी ते मार्च, तीही पहाटे, कारण उन्हात तापलेला माल वायनरीपर्यंत बिघडतो. क्रेट खोल भरली तर तळचे मणी फुटून रस तिथेच आंबायला लागतो. काढणी बघायची तर अकराच्या आधी पोहोचायला हवं.

आता वादाचा विषय. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीला परवानगी द्यायचं ठरवलं. अटी होत्या: बंद करता येणारं २.२५ घनमीटरचं कपाट, वर्षाला ५,००० रुपये शुल्क, शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ बंदी, वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत विक्री नाही. समर्थन शेतकऱ्याच्या नावाने झालं. इथेच गफलत होती. राज्यातलं बहुतेक द्राक्ष ताजं विकलं जातं किंवा त्याचा बेदाणा होतो. वाईनच्या वाणांखालचं क्षेत्र त्यापुढे किरकोळ. थॉमसन या खाण्याच्या वाणातून शिराझ या वाईनच्या वाणासारखी वाईन निघत नाही, त्यामुळे सरसकट बागायतदाराचं भलं होईल हे म्हणणं ताणलेलं होतं. उलट विरोधकांनी ‘किराणा दुकानात दारू’ अशी हाकाटी केली, कपाटाची आणि अंतराची अट कुणी धड वाचली नाही. उपोषणाचा इशारा निघाला, जूनमध्ये सरकार बदललं आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

परिणामी छोट्या वायनरीला भरवशाचं दुकान म्हणजे स्वतःचं फाटक. टेस्टिंग, जेवण, मुक्काम यांवरचा भर त्यातूनही वाढला. दारूबंदीचा कायदा मात्र १९४९ चाच, म्हणून पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो. गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंगच्या वेळी चाखलेली वाईन थुंकायला थुंकदाणी मागून घ्यावी, त्यात संकोच नको.