राष्ट्रीय नमुना पाहणी (एनएसएस) आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (एनएफएचएस) यांचा कच्चा डेटा कसा मिळवायचा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

एम.ए.चा लघुप्रबंध असो की पीएचडी, गाइडने विषय मंजूर केला की शंभर घरांची प्रश्नावली छापून गावोगाव फिरायची रीत आपल्याकडे अजून चालू आहे. फिरण्याचे महत्त्व आहेच. पण केंद्र सरकारने २०२३-२४ मध्ये २,६१,९५३ कुटुंबांकडून घेतलेली खर्चाची माहिती, नाव-पत्ता काढून, घरबसल्या आणि फुकट मिळते. ती मागणारे विद्यार्थी मात्र मोजकेच. 'सरकारी डेटा' म्हटले की शिफारसपत्र, शिक्के, चकरा असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. इथे तसे काही नाही.

अर्जाआधी पाहणी ठरवा

घरात काय खाल्ले, कशावर किती खर्च झाला, यासाठी कौटुंबिक उपभोग खर्च पाहणी (एचसीईएस) पाहावी. तिच्या ताज्या फेऱ्या २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या. रोजगार-बेरोजगारीसाठी पीएलएफएस (नियतकालिक श्रमशक्ती पाहणी), ती एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न आणि कर्ज हा विषय असेल तर एनएसएसची २०१९ ची ७७वी फेरी घ्या. त्याच फेरीतून शेतकरी कुटुंबावरचे सरासरी कर्ज देशभरात ७४,१२१ रुपये निघाले होते. या सगळ्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या म्हणजे एनएसओच्या पाहण्या. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एनएसएस'च. पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो गाजलेला हिशेब मांडला, तो याच एनएसएसच्या उपभोग आकड्यांवरून.

बाळंतपण, कुपोषण, कुटुंबनियोजन, घरगुती हिंसा यांसाठी एनएफएचएस. तिची २०१९-२१ ची पाचवी फेरी ६,३६,६९९ कुटुंबांची आहे आणि नोडल संस्था मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणजे आयआयपीएस. पंचेचाळिशीपुढच्यांचे आरोग्य आणि पैसाअडका हवा असेल तर लासी ही वार्धक्याची पाहणी, तीही आयआयपीएसकडेच.

इथे एक धोक्याचा कंदील. 'आमच्या तालुक्यातील महिलांचा रोजगार' हा विषय पीएलएफएसवर उभा राहणार नाही. नमुना राज्य पातळीवर भरवसा ठेवण्याजोगा असतो, तालुक्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरे येतात किंवा एकही येत नाही. जिल्ह्याचा आकडा हवा तर एनएफएचएस बरी. एनएसएसमध्ये राहायचे असेल तर विभाग, म्हणजे जिल्ह्यांचा गट, घ्या. फाइलमध्ये महाराष्ट्राचा राज्य-कोड २७, गोव्याचा ३०. महाराष्ट्राचे सहा एनएसएस विभाग आहेत आणि त्यातला 'इनलँड सेंट्रल' म्हणजे मराठवाडा. एवढ्या मोठ्या तुकड्यावर बरेच काही सांगता येते.

एनएसएस: कोण मागू शकतो, कसे मागायचे

पात्रतेची अट जवळजवळ नाही. विद्यार्थी, प्राध्यापक, पत्रकार, संस्थेचा कार्यकर्ता, कुणीही. शुल्क नाही. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा (घरनिहाय कच्चा डेटा) पोर्टलवर (मायक्रोडेटा डॉट जीओव्ही डॉट इन) नाव, संस्था, ई-मेल देऊन खाते उघडायचे. ई-मेलवर आलेल्या दुव्याने ते सुरू करायचे, हवी ती पाहणी शोधून 'गेट मायक्रोडेटा'वर जायचे, वापराचा हेतू लिहायचा, अटी मान्य करायच्या आणि झिप फाइल उतरवायची.

अटी वाचा, बहुतेक जण नुसती टिकमार्क करून पुढे जातात. माहिती दिलेल्या कुटुंबाची ओळख पटवण्याचा प्रयत्न करायचा नाही, स्रोताचा उल्लेख करायचा आणि फाइल दुसऱ्याला द्यायची नाही. या शेवटच्या अटीची आपल्याकडे सर्रास पायमल्ली होते. सीनियरने पेन ड्राइव्हवर दिलेली फाइल किंवा टेलिग्रामवरचा दुवा घेऊ नका. नियम मोडतो हे एक, आणि मंत्रालयाने फाइल नंतर दुरुस्त करून टाकली असेल तर तुमच्याकडे जुनीच राहते. स्वतःच्या खात्यातून घ्यायला तसाही फार वेळ लागत नाही.

एनएफएचएससाठी थोडे जास्त लिहावे लागते

हा डेटा डीएचएस प्रोग्रॅम या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या साइटवरून मागितला जातो. तिथे खात्याबरोबर प्रकल्पही नोंदवावा लागतो: शीर्षक, वर्णन, सहसंशोधकांची नावे, कोणत्या देशाच्या कोणत्या पाहण्या हव्यात. फॉर्म इंग्रजीत. अर्ज अडतो तो वर्णनापाशी. 'पीएचडीसाठी महाराष्ट्राचा डेटा हवा' एवढ्यावर भागत नाही. प्रश्न, चल (व्हेरिएबल) आणि पद्धत तिन्ही दिसली पाहिजेत, साधारण अशी: 'महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांची खुंटलेली वाढ आणि आईचे शिक्षण यांचा संबंध तपासणे, एनएफएचएस-४ व ५ मधील मुलांची फाइल, लॉजिस्टिक रिग्रेशन, निष्कर्ष पीएचडी प्रबंधात व एका शोधनिबंधात.' तीन-चार ओळी पुरतात.

पाहणीच्या ठिकाणांचे जीपीएस बिंदू हवे असतील तर ती वेगळी मागणी, वेगळ्या कारणासह. आणि ते बिंदू मुद्दाम हलवलेले असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात ५ पर्यंत आणि थोडे १० पर्यंत. गावापासून दवाखान्याचे नेमके अंतर मोजायला ते कामाचे नाहीत.

अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत थांबवली तेव्हा त्या मदतीवर चालणाऱ्या डीएचएसच्या साइटवरच्या नव्या मागण्याही अडकल्या होत्या. म्हणून मुखपृष्ठावरची सूचना आधी वाचा, आणि प्रबंधाचे वेळापत्रक या एकाच दारावर टांगू नका. लासीसाठी आयआयपीएसकडे मागणी अर्ज आणि डेटा वापराचे हमीपत्र द्यावे लागते.

कागदपत्रे

एनएसएससाठी काहीच जोडावे लागत नाही. तरी पुढील गोष्टी तयार ठेवा, कारण कुठे ना कुठे विचारल्या जातातच: शक्यतो विद्यापीठाचा ई-मेल पत्ता, एका पानाचा संशोधन आराखडा, मार्गदर्शकाचे नाव व पद, हमीपत्रावरची सही. सहीचा स्कॅन स्वच्छ घ्या.

नैतिकता समितीचे पत्र लागते का, हा हमखास प्रश्न. डेटा नावगावाविना असल्याने आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामाला तपासणीतून सूट मिळू शकते. ती सूट देणार मात्र समितीच. 'मला लागत नाही' असे आपले आपण ठरवून मोकळे होऊ नका. अर्धा पानाचा अर्ज देऊन सवलतीचे पत्र घ्या, पुढे जर्नलवाले ते मागतात.

फाइल हाती आल्यावर

जुन्या फेऱ्यांची टेक्स्ट फाइल उघडली की नुसत्या आकड्यांच्या ओळी दिसतात, मध्ये स्वल्पविराम नाही की जागा नाही. कोणत्या स्थानापासून कुठपर्यंत राज्य, कुठे वय, हे सोबतच्या लेआउट फाइलमध्ये असते. काही पाहण्या नेसस्टार फॉरमॅटमध्ये येतात; त्या नेसस्टार एक्सप्लोरर या मोफत सॉफ्टवेअरमधून स्टाटा किंवा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात.

मग मल्टिप्लायर. प्रत्येक घर किती घरांचे प्रतिनिधित्व करते तो हा भार, आणि तो न लावता काढलेली टक्केवारी व्हायवात पहिल्या प्रश्नाला कोसळते. पाहणीनुसार त्याला किती ने भागायचे ते बदलते. रीडमी फाइलमध्ये सूत्र दिलेले असते. एनएफएचएसमध्ये हा भार व्ही००५ या चलात असतो, त्याला दहा लाखांनी भागायचे.

प्रश्नावलीची सूचनापुस्तिकाही वाचा. पीएलएफएसमध्ये कोड ९२ म्हणजे 'फक्त घरकाम'. घरच्या शेतात बिनपगारी राबणारीचा कोड २१. दिवसभर खुरपणी करून आलेली बाई स्वतःला 'घरीच असते' म्हणाली आणि अन्वेषकाने पुढे विचारले नाही, तर ती ९२ मध्ये जाते आणि तुमच्या तक्त्यात बेपत्ता होते. स्त्रियांच्या रोजगारावर लिहिणाऱ्याने हे दोन कोड शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

दोन वर्षांची तुलना करण्याआधी पद्धत बदलली का ते बघा. उपभोग पाहणीत २०२२-२३ पासून एकाच घरी तीन वेळा जातात, २०११-१२ मध्ये तसे नव्हते. मधल्या २०१७-१८ च्या फेरीचे निकाल सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन जाहीरच केले नाहीत. पीएलएफएसचा नमुनाही जानेवारी २०२५ पासून नवा आहे.

राहता राहिला राज्य नमुना. एनएसएसच्या फेऱ्यांत महाराष्ट्राचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय स्वतःची वेगळी घरे पाहते. ती केंद्राच्या पोर्टलवरच्या फाइलमध्ये नसतात. हवी असतील तर संचालनालयाकडे फेरीचा क्रमांक आणि विषय देऊन लेखी विचारणा करावी.