हार्टनेलचं नख

'द टेरर' या २०१८च्या भयमालिकेत बर्फात अडकलेल्या जहाजावरच्या गुडसर या डॉक्टरला अन्नाच्या हवाबंद डब्यांचाच संशय येतो. तो त्यातलं अन्न जहाजावरच्या माकडाला खाऊ घालतो आणि माकड मरतं. बाहेर बर्फावर एक अक्राळविक्राळ श्वापद फिरत असतं, पण मला जास्त भीती वाटली ती डब्याची. श्वापद कल्पनेतलं आहे. डब्यांवर मात्र शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं बोट ठेवलं होतं.

मूळ घटना अशी. कॅनडाच्या उत्तरेकडून आशियाकडे जाणारी सागरी वाट शोधायला मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाले. पुढे गेलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. सोबत हजारो हवाबंद डबे होते, शिशाने झाळलेले, आणि कंत्राटदाराने ऐनवेळी घाईघाईत पुरवलेले.

पहिल्याच हिवाळ्यात तिघे गेले. उत्तर कॅनडातल्या बीची बेटावरच्या त्यांच्या कबरी मानववंशशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांच्या पथकाने १९८४ आणि १९८६ मध्ये उघडल्या. कायम गोठलेल्या जमिनीत देह इतके शाबूत राहिले होते की जॉन टॉरिंग्टनचे अर्धवट उघडे डोळे आजही फोटोत बघवत नाहीत. त्यांच्या केसांत विषारी शिसं भरपूर सापडलं. गुन्हेगार मिळाला, असं सगळ्यांना वाटलं.

मग २०१६ मध्ये त्याच तिघांपैकी जॉन हार्टनेल या खलाशाच्या नखांचा अभ्यास झाला. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे अंगठ्याचं एक नख ही काही महिन्यांची रोजनिशीच. मुळाशी ताज्या नोंदी, टोकाला जुन्या. लेझरने थोडं थोडं खरवडत शास्त्रज्ञांनी ती वाचली. डब्यातलं अन्न सुरू झाल्यावर शिसं चढत जायला हवं होतं, पण तसं दिसलं नाही. ते वाढलं अगदी शेवटच्या आठवड्यांत. सतत कमी होतं ते जस्त, ज्याच्यावाचून रोगप्रतिकारशक्ती लुळी पडते.

मग शेवटचं शिसं आलं कुठून? शरीर शिशाला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडांत साठवून ठेवतं. माणूस आजाराने खंगला की हाडं झिजतात आणि जुना साठा रक्तात उतरतो. त्या काळी ब्रिटनमध्ये पाण्याचे नळ शिशाचे, रंगांत शिसं. साठा घरूनच आलेला असणार. २०१८च्या हाडांच्या तपासणीतही शिशावर आरोप सिद्ध झाला नाही. डबे दोषी असते तर जास्त दिवस तगलेल्यांच्या हाडांत ते जास्त असायला हवं होतं. तसं आढळलं नाही.

उपासमार मात्र निर्विवाद. १८५४ मध्ये शोधप्रवासी जॉन रे यांनी तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं, की शेवटी खलाशांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडन खवळलं, चार्ल्स डिकन्स यांनी तर इन्युइटांनाच खोटं ठरवलं. २०२४ मध्ये त्याच भागातल्या किंग विल्यम बेटावर सापडलेल्या एका जबड्यातल्या दाढेचा डीएनए जुळला: 'एरेबस'चे कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स. एप्रिल १८४८ मध्ये जहाजं सोडताना मोहिमेची शेवटची चिठ्ठी लिहिणारा हात त्यांचाच. जबड्याच्या हाडावर सुरीचे वार आहेत.