सुवर्ण नॅनोकणांद्वारे जीवाणूंची ओळख

सोन्याचे अतिसूक्ष्म कण जीवाणूंच्या लगत आणून, त्यांवर टाकलेल्या प्रकाशात होणारा बदल वर्णपटमापकाने (प्रकाश तरंगलांबीनुसार विभागून मोजणाऱ्या उपकरणाने) टिपायचा आणि त्यावरून जीवाणू आहेत का व कोणते आहेत हे ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. कणांचा व्यास साधारण १० ते १०० नॅनोमीटर असतो, तर बहुतेक जीवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे असतात. संवर्धन करून (पोषक माध्यमात वाढवून) जीवाणू ओळखायला एक-दोन दिवस, क्षयाच्या जीवाणूसाठी तर काही आठवडे लागतात. हा वेळ वाचावा यासाठी ही सारी खटपट.

सोन्याचे असे द्रावण मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासले होते. आज वापरात असलेली सोपी कृती जॉन टर्केविच व सहकाऱ्यांची (१९५१). सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे द्रावण उकळत असताना त्यात सोडियम सायट्रेट घालतात. द्रावण आधी काळपट-निळसर होते, मग जांभळे आणि काही मिनिटांतच गर्द लाल. हा लाल रंग सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनामुळे येतो. लहान गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. कण एकमेकांजवळ आले की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते आणि द्रावण जांभळे-निळे दिसू लागते. जीवाणूंमुळे कण एकत्र आले तर हा बदल नुसत्या डोळ्यांनाही कळतो. मात्र नमुन्यातील साध्या मिठानेही सायट्रेटयुक्त (पृष्ठभागावर सायट्रेट चिकटलेल्या) कणांच्या गुठळ्या होतात, म्हणून केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे.

खरी ओळख पटते ती रामन प्रकीर्णनातून, म्हणजे रेणूवर आदळून विखुरणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी रेणूच्या कंपनामुळे किंचित बदलते त्यावरून. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला हा परिणाम अत्यंत क्षीण असतो. कोट्यवधी फोटॉनांपैकी एखाद-दुसराच रेणूच्या कंपनाची खूण घेऊन परततो. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लायशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीन या सेंद्रिय द्रव्याचा रामन संकेत अनपेक्षितपणे ठळक मिळाला. हे वर्धन धातूच्या पृष्ठभागामुळे होते, हे १९७७ मध्ये स्पष्ट झाले. सोन्याच्या दोन कणांमधल्या एखाद-दोन नॅनोमीटरच्या फटीत ते लाखो पटींवर जाते. चांदी सोन्यापेक्षा अधिक वर्धन देते, पण ती हवेत काळवंडते आणि जीवाणूंना मारक ठरते. सोने टिकाऊ असते आणि गंधकयुक्त रेणू त्याला घट्ट चिकटतात.

वर्धनाचा पल्ला काही नॅनोमीटरपुरताच असल्याने कण जीवाणूला नेमका कुठे व कसा चिकटतो यावर सारे अवलंबून असते. जीवाणूची भित्तिका ऋणभारित असते आणि सायट्रेटयुक्त कणही. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. यावर उपाय म्हणून कणांना धनभारित लेप देतात, किंवा त्यांवर प्रतिपिंड, अॅप्टामर (ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारे डीएनए वा आरएनएचे लहान तुकडे) अथवा व्हॅन्कोमायसिनसारखे प्रतिजैविक बसवतात. सूचक रेणू (ठळक, ओळखीचा रामन संकेत देणारे रेणू) जोडलेले कण वापरले तर संकेत स्वच्छ मिळतो. मात्र तो सूचकाचा असतो, जीवाणूचा नव्हे. त्यामुळे ज्याचा शोध घेतला तेवढेच सापडते.

सूचकाविना घेतलेल्या वर्णपटांत ७३० प्रति सेंटिमीटरजवळचे (रामन वर्णपटातील स्थान या एककात मोजतात) शिखर बहुधा सर्वांत उंच असते. अनेक वर्षे ते भित्तिकेतील घटकांचे मानले गेले. पुढे असे दिसून आले की त्याचा मोठा वाटा अॅडेनीन, हायपोझँथीन यांसारख्या प्युरिनांचा (न्यूक्लिइक आम्लांशी संबंधित नत्रयुक्त रेणूंचा) आहे. जीवाणू पोषक माध्यमातून काढून पाण्यात धुतले की उपासमारीत आपल्या न्यूक्लिइक आम्लांचे विघटन करून ही द्रव्ये बाहेर टाकतात, आणि तीच सोन्यावर बसतात. धुण्याची रीत व थांबण्याचा वेळ बदलला तर त्याच जीवाणूचा वर्णपट बदलतो, हे ओघानेच आले. दोन प्रयोगशाळांच्या नोंदी जुळत नाहीत त्यामागे हे एक मोठे कारण आहे. रक्त, दूध यांतील प्रथिने कणांवर आधीच जागा अडवतात, ही आणखी एक अडचण. म्हणून बरेचदा चुंबकीय कणांनी वा गाळून जीवाणू आधी वेगळे करतात, आणि एकमेकांसारखे वर्णपट संख्याशास्त्रीय वर्गीकरणाने वा यंत्र-शिक्षणाने वेगवेगळे ओळखतात.

प्युरिनांचा हाच संकेत औषधाची निवड करताना उपयोगी पडतो. परिणामकारक प्रतिजैविक दिल्यावर संवेदनशील जीवाणूंची ही शिखरे काही तासांतच खाली येतात. प्रतिकारक्षम जीवाणूंची मात्र फारशी हलत नाहीत.