विमानात बॅग हरवली तर भरपाई कशी मागायची: पीआयआर, मुदती आणि कागदपत्रं

पट्टा थांबतो, शेवटचा प्रवासी ट्रॉली घेऊन निघून जातो आणि आपली बॅग आलेलीच नसते. लांबच्या प्रवासानं अंग आंबलेलं असतं, बाहेर घरची माणसं ताटकळलेली असतात. अशा वेळी ‘उद्या फोन करून बघू’ म्हणत माणूस बाहेर पडतो. माझी मावशी तशीच बाहेर पडली. पुढचे कित्येक आठवडे प्रत्येक फोनवर तिला एकच प्रश्न विचारला गेला: पीआयआर नंबर काय?

पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट, बॅग आली नाही याची लेखी नोंद. सामानाच्या पट्ट्यांजवळच विमान कंपनीचं किंवा तिचं काम बघणाऱ्या एजन्सीचं काउंटर असतं, तिथे ही नोंद करतात. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली छोटी चिठ्ठी दाखवा. तिच्यावरचा दहा आकडी नंबर हीच तुमच्या बॅगेची ओळख. रंग, आकार, चाकं, हँडलला बांधलेली लाल रिबन, सगळं सांगा. नोंद झाली की संदर्भ क्रमांक मिळतो: आधी विमानतळाची तीन अक्षरं (मुंबईसाठी बीओएम), मग कंपनीची दोन आणि शेवटी पाच आकडे. तो हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका. वाटेत विमान बदललं असेल तर सहसा शेवटच्या टप्प्यावरची कंपनीच ही तक्रार घेते.

परदेशातून आला असाल तर आणखी एक काम तिथेच उरका, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. बॅग आली नाही असं प्रमाणपत्र कंपनीकडून घ्या आणि ड्यूटी-फ्री सवलतीतली किती रक्कम वापरायची राहिली हे त्यावर लिहून कस्टम्सची सही घ्या. बॅग मागाहून आली की उरलेली सवलत त्या सामानाला मिळते.

आता पैशांचं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो; भारत त्यात 2009 मध्ये सामील झाला. त्यानुसार 28 डिसेंबर 2024 पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयांत ही रक्कम साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. देशांतर्गत प्रवासात मात्र मर्यादा 20,000 रुपये. नागपूर–दिल्ली–लंडन असा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर नागपूर–दिल्ली हा टप्पाही आंतरराष्ट्रीयच धरला जातो. कुणी ‘किलोमागे इतके’ म्हणून आंतरराष्ट्रीय दावा मिटवू पाहत असेल तर ऐकू नका, करारातली मर्यादा माणशी आहे, वजनावर नाही. म्हणूनच घरातल्या चौघांच्या बॅगा एकाच्या नावावर टाकू नका, ज्याची त्याच्या नावावर टॅग करून घ्या.

ही रक्कम आपोआप मिळत नाही. बॅगेत काय होतं आणि त्याची किंमत किती, हे आपणच दाखवायचं असतं. लग्नाची पैठणी किंवा तेवढंच महाग काही चेक-इन बॅगेत टाकणं भागच असेल, तर काउंटरवर बॅग देतानाच जास्त किमतीची विशेष घोषणा करता येते. कंपनी मागेल ते जादा शुल्क भरलं की मर्यादा त्या रकमेपर्यंत वाढते. दागिने, रोकड, लॅपटॉप आणि औषधं मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा.

मुदती चुकल्या की खरा दावाही बुडतो. बॅग फुटलेली किंवा तुटलेली मिळाली, तर मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली, तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. आलीच नाही, तर यायला हवी होती त्या दिवसापासून 21 दिवस उलटल्यावर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. दरम्यान घेतलेले कपडे, टूथब्रश, चप्पल यांच्या पावत्या जपा. उशिरामुळे झालेला वाजवी खर्चही मागता येतो. लेखी म्हणजे ईमेल. फोनवर कुणी कितीही आपुलकीनं बोललं, तरी ते कॉल पुरावा म्हणून उपयोगी पडत नाहीत. आणि कोर्टात जायची मुदत बॅगेसह पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षं.

दाव्यासोबत तिकीट, बोर्डिंग पास, बॅग टॅग, पीआयआरची प्रत, पासपोर्ट किंवा ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि सामानाची यादी लागते. जीव ओतायचा तो यादीत. ‘कपडे, 15,000’ असं लिहिलं तर हमखास कात्री लागते. ‘दोन सुती कुर्ते, दिवाळीत घेतलेले, प्रत्येकी 1,400’ असं ओळीनं लिहा. बिल नसेल तर कार्डाचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डर किंवा ती वस्तू वापरतानाचा फोटो जोडा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रतीच द्या.

कंपनी रक्कम देऊ करते तेव्हा सोबतचं पत्र सावकाश वाचा. ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’वर सही केली की पुढे दाद मागणं अवघड होतं. रक्कम पटली नाही तर कारण देऊन लेखी नकार कळवा, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, वकील सक्तीचा नाही, आणि तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. पीआयआर आणि पहिल्या ईमेलपासूनचा सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमानं लावून जोडा.