ज्येष्ठ कलाकार आणि लोकचळवळी (गोवा)

संगीतात नाव कमावलेल्या व्यक्तीने ते नाव भाषा, भूमी, निसर्ग किंवा कलाकारांचा मान यांसाठी पणाला लावणे, आणि वय झाले, गळा उतरला, श्रोत्यांची पिढी बदलली तरी लोकजीवनातले आपले स्थान राखणे, हा या नोंदीचा विषय आहे. नामवंतांनी चळवळीत उतरणे सगळीकडे दिसते. गोव्यात त्याला वेगळा रंग येतो तो प्रदेशाच्या आकारामुळे. ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. इथला प्रसिद्ध गायक पडद्यामागे राहू शकत नाही. तो मासळीबाजारात भेटतो, जत्रेत भेटतो, आणि अमक्या आंदोलनात तो कुठल्या बाजूला उभा होता हे गावाला तीस-चाळीस वर्षांनंतरही आठवत असते.

या विषयाची मुळे देवळांत आहेत. मंगेशी, बांदिवडे, केरी, कुर्डी अशा गावांतून जी गायक मंडळी बाहेर पडली, त्यांतली बरीच देवळाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांतली होती. त्यांच्या कलेला दाद मिळे, पण त्यांना समाजात मानाची जागा नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या समाजातून सुधारणेची चळवळ उभी राहिली आणि गोमंतक मराठा समाज या नावाने ती ओळखली गेली. आपली सही करताना गावाचे नाव अभिमानाने लावणे, मुलींना शाळेत घालणे, मानाने बिदागी मागणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा लढ्याचा भाग होत्या. दीनानाथांनी मंगेशी गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले, ते याच काळात. गोव्याच्या कलाकाराची सामाजिक भूमिका म्हटली की आधी ही गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या पिढ्यांनी ज्या नावाच्या बळावर भूमिका घेतल्या ते नाव या लोकांनी मिळवून ठेवले होते.

गोवा मुक्तिलढ्याच्या काळात संगीत उघडपणे राजकारणाच्या कामी आले. १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीची तयारी चालू असताना निधी उभा करण्यासाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. त्या कार्यक्रमामागे संगीतकार सुधीर फडके होते. ते स्वतः राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे आदींबरोबर त्या मोहिमेत उतरले, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पण फडके या नोंदीत महत्त्वाचे ठरतात ते त्यानंतरच्या कामासाठी. गोव्यात शिक्षकी करत सशस्त्र लढ्यात उतरलेले मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, मिरवणुका निघाल्या, गाणी झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले. रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी समिती उभारून फडके वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिले आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मधल्या काळात या प्रश्नाला वर्तमानपत्रांत फारशी जागा नव्हती, त्यावर टाळ्या मिळणार नव्हत्या. मंचावर एक दिवस येऊन गाणे आणि मंच उतरल्यावर सात वर्षे पत्रे लिहीत राहणे यांतला फरक इथे लख्ख दिसतो. नामवंतांच्या चळवळीची पारख करायची तर याच कसोटीवर करावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. फडक्यांचा हा पिंड शेवटपर्यंत टिकला. सावरकरांवरचा चित्रपट त्यांनी लोकवर्गणीच्या बळावर २००१ साली पुरा केला, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा गोव्यातल्या कलाकारांच्या राजकीय सहभागाचा सर्वांत मोठा प्रसंग. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून राहावा, असा प्रश्न होता. गायक उल्हास बुयांव विलीनीकरणाच्या विरोधात कोकणी गाणी गात गावोगाव फिरले आणि पुढे ‘गोंयशाहीर’ या नावाने ओळखले गेले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. त्यात गाण्याचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण त्या पिढीची माणसे भाषणांपेक्षा गाण्यांच्या ओळी अधिक सहज म्हणून दाखवतात. मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा लढा मराठी विरुद्ध कोकणी असा सरळ नव्हता. विलीनीकरणविरोधी प्रचाराचे धारदार लेखन ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात येत होते. त्यातले ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहिणारे उदय भेंब्रे हेच बुयांव यांनी गायलेल्या ‘चान्न्याचे राती’ या कोमल कोकणी गीताचे कवी. एकाच घरात मराठी नाट्यपदे आणि कोकणी प्रचारगीते दोन्ही गुणगुणली जात होती. १९८५ ते १९८७ या काळात गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून झालेल्या राजभाषा आंदोलनात ही जखम पुन्हा उघडली. कलाकारांनाही बाजू घ्यावी लागली आणि काहींचे जुने श्रोते कायमचे दुरावले. भूमिका घेण्याची किंमत असते, ती अशी.

भूमिका न घेता, मंचच सोडून नाव राखणारेही होते. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी साठच्या दशकात, आपल्या गळ्याकडून हवे तसे निघत नाही असे जाणवू लागताच, जाहीर मैफली थांबवल्या. श्रोते अजून ऐकायला तयार होते, बोलावणी येत होती. ध्वनिमुद्रणाबाबत त्या आधीपासून फार चोखंदळ, त्यामुळे मागे राहिले ते थोडेच. त्यांतली साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अवकाशात गेली. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबरचे, केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबरचे. त्यांच्याच केरी गावचे भूतखांब पठार नव्वदच्या दशकात नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाने गाजले. गावकऱ्यांनी तो प्रकल्प होऊ दिला नाही.

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेले. दक्षिण गोव्याच्या नळांना येणारे पाणी त्या गावावर उभे आहे. मे महिन्यात पाणी ओसरले की गाव वर येतो : तडकलेला चिखल, जोत्यांचे चौकोन, तुळशीवृंदावने, वठलेल्या माडांचे बुंधे. विस्थापित कुटुंबे त्या दिवसांत सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. तिथे जाणाऱ्याला कोणी ना कोणी हात करून मोगूबाईंच्या घराची जागा दाखवतोच. एका गायिकेचे नाव बुडालेल्या गावाची खूण होऊन राहिले आहे.

त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) कुठल्या मोर्चात दिसल्या नाहीत, तरी त्यांची एक लढाई आयुष्यभर चालली होती. दौऱ्यांवर आईला आयोजकांकडून मिळालेली वागणूक त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि कलाकाराला योग्य मान व योग्य बिदागी मिळालीच पाहिजे हा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. श्रोत्यांची कुजबुज चालली तर त्या गाणे थांबवत. लोक याला लहरीपणा म्हणत. देवळाच्या ओसरीवर बसवल्या गेलेल्या पिढ्यांची आठवण ठेवली तर हा शब्द अपुरा आणि अन्यायाचा वाटतो. पंचविशीत आवाज गेला, तो परत मिळवला, आणि ८४ व्या वर्षी, निधनाच्या काही दिवस आधीपर्यंत त्या गात होत्या.

पाश्चात्त्य वळणाच्या संगीतात रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांनी ऐंशीच्या दशकात गाण्यातूनच थेट सामाजिक विषय मांडले. हेरॉइनच्या व्यसनाविरुद्धचा त्यांचा अल्बम १९८६ चा. त्याच सुमारास पंतप्रधान राजीव गांधी समोर बसलेले असताना त्यांनाच उद्देशून गोव्याची गाऱ्हाणी त्यांनी गाऊन मांडली. वर्तमानपत्रांनी टीका केली, पण पंतप्रधानांनी राग मानला नाही. २००७ मध्ये पद्मश्री, २०२१ मध्ये आत्मचरित्र. आता त्यांचे वास्तव्य बरेचसे पोर्तुगालमध्ये असते, आणि दूर राहून गोव्याबद्दल बोलावे की नाही यावर गोव्यात मतभेद आहेत.

लॉर्ना कॉर्देरो यांचे पुनरागमन वेगळ्या जातीचे. क्रिस पेरी यांच्या बँडची ही गायिका सत्तरच्या दशकात गप्प झाली आणि दोन दशकांहून अधिक काळानंतर १९९५ मध्ये परतली. तिच्याकडे कुठला झेंडा नव्हता. लोकांना फक्त तो आवाज पुन्हा हवा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्या वाट्याला तेही आले नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठे काम करून, १९५८ मध्ये भारतीय व पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा वाद्यवृंद उभारून ते गावी परतले. देशभर त्यांचे नाव पोचले ते शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका गमतीदार गाण्यात गुंफल्यामुळे, आणि ते गाणे म्हणणाऱ्यांना असा माणूस खरोखर आहे याचा पत्ता नव्हता.

गावपातळीवर वृद्ध वादकाचे स्थान अजून भक्कम आहे. चवथीच्या आरतीला घुमट कुणी धरायचे हे ठरलेले असते. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, धाकटे तोंड उघडे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डावा तळहात धाकट्या तोंडावर उघडझाप करत नाद खोल-उथळ करतो. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर वाद्यच संकटात आले. बकऱ्याच्या कातड्यावर तो नाद येत नाही, अशी जुन्यांची तक्रार होती. शेवटी जुन्या हातांनीच बकऱ्याचे कातडे किती पातळ करायचे, किती वेळ उन्हाला धरायचे हे बसवून दिले, तेव्हा पोरांनी ते मानले. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.

तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातही वयाची अडचण नसते. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन कांतार (गाणे) गाणारा साठी-सत्तरीचा गायक आमदारांची हजेरी घेतो, आणि सभागृह ‘वन्स मोअर’ देते.

अलीकडच्या काळात ज्येष्ठ कलाकार एकवटले ते पणजीच्या कला अकादमीवरून. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी रचलेली ही वास्तू १९८३ मध्ये खुली झाली. तिचे मुख्य नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे आहे. २०२१ मध्ये ती नूतनीकरणासाठी बंद झाली. १७ जुलै २०२३ रोजी खुल्या नाट्यगृहाचे छत कोसळले, आणि नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडल्यावर ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांबद्दल तक्रारी सुरू झाल्या. ‘कला राखण मांड’ या नावाने कलाकार एकत्र आले, सरकारला प्रश्न विचारू लागले, आणि पुढे पाहणीसाठी नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले. सरकारी अनुदान आणि मासिक मानधन यांवर अनेक वृद्ध कलाकारांचे घर चालते, म्हणून अशा वेळी तोंड उघडणे सोपे नसते. तरीही त्या रंगमंचावर पहिले पद म्हटलेले लोक पत्रकारांसमोर उभे राहिले आणि पूर्वी शेवटच्या रांगेत ध्वनिक्षेपकाशिवाय काय ऐकू येत असे, हे त्यांनी सांगितले.